घरातल्याच एका व्यक्तीकडून

तिने पुस्तकाची कच्ची छापील पानं म्हाताऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी आपटली. चहा बशीत सांडला.

"नाव सांगा."

म्हातारा हसला. सिनेसाप्ताहिकात 'कानोकानी' हे सदर जन्मभर चालवलेल्या माणसाला असले तमाशे नवे नव्हते.

"आधी बस तरी. कुणाचं नाव?"

"'घरातल्याच एका व्यक्तीकडून कळलं' असं लिहिलं होतंत ना? म्हणे आई सेटवर दारू पिऊन पडली! अहो, माझ्या आईने थेंबसुद्धा कधी तोंडाला लावला नाही. आता ती गेली, तर तिच्या चरित्रात यावर अख्खं प्रकरण! आणि आधार कुणाचा, तर तुमच्या सदराचा!"

चरित्रकार फोनवर किती गोड बोलला होता. 'सदरवाल्यांनी ते खोटं होतं असं लिहून दिलं तर प्रकरण काढतो, पण पुस्तक आज संध्याकाळी छपाईला जातंय.' वा रे वा! म्हणजे यांनी गावभर थुंकायचं आणि आपण फडकं घेऊन पुसत हिंडायचं. आधी एका साप्ताहिकाने कुजबुज छापायची, मग वर्तमानपत्रांनी ती उचलायची, मग पुस्तकाने त्या दोघांचा दाखला द्यायचा. झालं खरं! शाळेत पोरं तिला 'बाटलीबाईची पोरगी' म्हणायची. आईला आधी दारुड्या बायकांच्याच भूमिका मिळू लागल्या, मग त्याही बंद झाल्या.

"मामाच ना?" ती म्हणाली. "त्याच्याच तोंडात तीळ भिजत नाही. आईच्या शेवटच्या दर्शनालाही मी त्याला घरात घेतलं नाही."

म्हाताऱ्याचं हसू गेलं.

"बातमी देणारा जिवंत असेतो त्याचं नाव सांगायचं नाही. धंद्याचा तेवढा एकच नियम मी पाळला." त्याने कप बाजूला सरकवला. "आता सांगायला हरकत नाही."

मामा तर चांगला धडधाकट होता. तिला काही उमगेना.

"मग कोण?"

"तुझी आई. पडली त्याच दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, मी दारू प्यायले होते असं छापा, घरातून कळलं म्हणा. मी सेटवरच होतो गं. वासही नव्हता तोंडाला. चक्कर आली होती तिला."

"स्वतःबद्दल असं कोण छापायला सांगेल? काहीतरीच!"

"दारू म्हटलं की लोक हसतात आणि पुढे जातात. बिनलग्नाच्या बाईला चक्कर आली म्हटलं की बोटांवर दिवस मोजायला लागतात." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "पुढच्याच महिन्यात तिने घाईघाईत लग्न केलं."

तिने मनातल्या मनात महिने मोजले. आणि मग जो संताप आला, तो तिला आवरेना.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि तरी वर्षानुवर्षं तेच उगाळत बसलात? 'बाटलीबाई' हे नावही तुम्हीच ठेवलंत ना?"

"लोकांना आवडायचं. अंक हातोहात खपायचा."

"तिने एकदाच छापायला सांगितलं होतं! एकदाच!"

शेजारच्या खोलीतून म्हाताऱ्याची सून डोकावली आणि आत पळाली. म्हाताऱ्याने निमूटपणे कागद पुढे ओढला.

"देतो लिहून. दारूची बातमी खोटी होती, असं. पण ऐक माझं. तो चरित्रकार लगेच विचारणार, मग बाई पडल्या कशाने? या धंद्यात रिकामी जागा कुणी ठेवत नाही. तो शोधेल, नाहीतर रचेल, आणि याहून चटकदार प्रकरण लिहील. जे झाकायला तुझ्या आईने जन्मभर शिव्या खाल्ल्या, ते चव्हाट्यावर येईल. तुलाच नाही नाही ते ऐकावं लागेल. तुला मुलंबाळं आहेत. राहू दे झाकलेलं."

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि पेन उचलून त्याच्या हातात कोंबलं.

"लिहा," ती म्हणाली. "ती प्यायलेली नव्हती. तिच्या पोटात मी होते."