साहेबाच्या घराण्याचं कापड

"आई, निऱ्या पुढे कशा घेतल्यास? त्या मागे असतात," निमिष म्हणाला, आणि सुनेत्राबाईंनी मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला.

आठ वार लोकरीच्या कापडाच्या सत्तावीस निऱ्या त्यांनी सकाळपासून बोटांनी मोजून, टाचून, शिवून बसवल्या होत्या. निऱ्या म्हणजे पुढे, पोटाशी. मागे निऱ्या घेऊन माणूस त्यांच्यावर बसणार कसा, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता.

"पुढे सपाट, मागे निऱ्या. हे बघ." निमिषने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. फोटोत त्याचा साहेब, ग्रेग, हातात ग्लास घेऊन उभा होता. कमरेला गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा. त्याला किल्ट म्हणतात हे आठवडाभरात सुनेत्राबाईंच्या जिभेवर बसलं होतं. ग्रेगचे पूर्वज स्कॉटलंडचे. तिथे म्हणे घराण्याघराण्याच्या चौकड्या वेगळ्या. ग्रेगच्या घराण्याच्या हिरव्या-काळ्या, मधून पिवळी रेघ. निमिषने फोटो मोठा करकरून तेच कापड ऑनलाइन हुडकून काढलं होतं. उद्या ग्रेगच्या घरी त्याच्या पन्नाशीची पार्टी होती, आणि निमिषने आणि त्याच्या लेकीने, रुहीने, ग्रेगच्याच घराण्याचे किल्ट घालून त्याच्या दारात उभं राहायचं, असा बेत होता.

"विकत मिळत नाहीत का रे हे?"

"मिळतात ना. पण होममेड म्हटलं की इम्प्रेशन वेगळं पडतं, आई. एफर्ट दिसतो."

सुनेत्राबाईंना शिसारी आली. कापडाची नव्हे, कापड बिचारं चांगलं होतं. ह्या एफर्टची आली. ग्रेगचा पणजा कोणत्या साली बोटीत बसला, कोणत्या बंदरात उतरला, हे आपल्या मुलाला तोंडपाठ होतं. ग्रेगचा कुत्रा आजारी पडला तेव्हा त्याने कार्ड पाठवलं होतं, तेही त्यांनी पाहिलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. त्याच्या टीममधल्या सहाजणांना गेल्या महिन्यात घरी बसवलं होतं. पुढची यादी ग्रेग करणार होता, आणि नोकरी गेली की व्हिसावर ह्या देशात राहायला साठच दिवस. हे ऐकल्यावर आईने काय बोलायचं? त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस निऱ्या उसवल्या आणि मागे घेतल्या.

संध्याकाळपर्यंत मोठा किल्ट झाला. निमिष तो घालून, पोटऱ्यांवर पांढरे मोजे चढवून, त्यांच्या फ्रीमाँटच्या टाउनहाऊसच्या चिंचोळ्या जिन्यावरून दोनदा खालीवर करून आला. खालच्या आरशात पाहून तो हसला. घरात बाहेरचं कुणी नसताना, ग्रेग समोर असल्यासारखा हसला. सुनेत्राबाईंनी मान फिरवली आणि लहान किल्ट हातात घेतला.

तो रुहीचा होता. रुही सहा वर्षांची. चड्डीवरूनच त्यांनी तो तिच्या कमरेभोवती गुंडाळला आणि टाचण्या लावल्या. आता फक्त बाजूचे दोन पट्टे शिवायचे उरले होते.

"इट्स इची, आजी," रुही गुडघे खाजवत म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट इट."

"रुही, वन मोअर टाइम," निमिष म्हणाला. "ग्रेग अंकल डोअर ओपन करतील. मग तू काय करणार?"

रुहीने दोन्ही हातांनी किल्टच्या कडा उचलल्या, गुडघे वाकवले आणि एक गिरकी घेतली. "हॅपी बर्थडे, चीफ." ऑफिसात ग्रेगला सगळे चीफ म्हणत, म्हणून तेच शिकवलं होतं.

"लाउडर. आणि स्माइल कर. तू स्माइल करत नाहीयेस."

रुहीने पुन्हा गुडघे वाकवले. पुन्हा गिरकी घेतली. ह्या वेळी तिने सगळे दात दाखवले. डोळ्यांत पाणी तसंच होतं.

"दॅट्स इट," निमिष म्हणाला. "परफेक्ट."

पोटच्या पोराची अशी किळस येईल असं सुनेत्राबाईंना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी रुहीला जवळ ओढलं आणि एकेक टाचणी काढायला सुरुवात केली. किल्ट सुटून जमिनीवर पडला. रुही त्यातून बाहेर आली आणि धावत वर निघून गेली.

"आई, काय करतेयस? उद्या सकाळी निघायचंय."

"तुझा झालाय शिवून. तुझी नोकरी आहे, तू जा घालून."

"अगं फन आहे, यार. एक दिवसाचा कॉस्च्युम. मी त्याला टेक्स्ट केलंय, आम्ही दोघं मॅचिंग येतोय म्हणून. आता काय सांगू?"

सुनेत्राबाईंनी टाचण्या डबीत टाकून झाकण लावलं. पायाशी पडलेलं कापड उचललं नाही.

"माझे वडील नागपूरला कलेक्टर कचेरीत शिपाई होते, हे तू इथे कुणाला सांगत नाहीस. नको सांगूस," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्यांनी साहेबाच्या दारातला कोट घातला. लाल पट्टा, पितळी बिल्ला. साहेब आला की उठून उभे राहायचे. आम्ही पाच पोरं होतो घरात, करतात काय? पण आमच्यासाठी लहान मापाचा कोट त्यांनी कधी शिवून मागितला नाही."