लाल आकडा

"वहिनी, आकडा लाल आलाय! नॉर्मलच्या तिप्पट!" शालिनीबाईंचे हात कणकेचे, म्हणून मोबाईलवरचा रक्ताचा रिपोर्ट शेजारच्या कुंदाताई वाचत होत्या.

"तिप्पट? नक्की?" शालिनीबाईंनी कणकेच्या हातांनीच टाळी वाजवली.

"अहो, ते नॉर्मल तुमच्या-आमच्यासाठी!" शालिनीबाई म्हणाल्या, "यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलीय ना, तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळच हवं. तिप्पट म्हणजे अगदी हवं तेवढं! मी मेली ताकद यावी म्हणून रोज मेथी-पालकाचा मारा करत होते आणि त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळीचा गुणच येत नव्हता. डॉक्टर रागावले, आकडा चढला नाही तर भरती करावं लागेल म्हणाले, पालेभाजी बेतात आली, तेव्हा कुठे हा लाल दिसला!"

"म्हणजे दवाखान्यात भरती नाही? नातीच्या लग्नाला जायचं?" आतून यजमानांनी विचारलं.

चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी न बसलेल्या शालिनीबाई धावतच आत गेल्या आणि त्यांनी यजमानांच्या छातीला कान लावला. झडप टिकटिकत होती, घड्याळासारखी स्वच्छ.

"कुंदाताई, या ना," त्या आतूनच ओरडल्या, "तुम्हीपण ऐका!"