दाराखालचा मफलर

बाबांनी दुकानाचं काचेचं दार ढकललं, तसा दाराखाली खुपसलेला मफलर त्यांच्या चपलेपुढे गोळा झाला. ती गल्ल्याजवळ कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं पाहिलं आणि घडी हातातच राहिली.

"चष्मा विसरलीस घरी," ते म्हणाले. पण बघत होते खाली.

ओळख न पटायला जागाच नव्हती. दोन सुलट, दोन उलट, एवढाच काय तो धडा. पण सुलटावरून उलटावर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे घ्यायची, ती बाबा सुईवरूनच आणत, आणि एक आगंतुक टाका चढून बसे. त्यामुळे मफलर सुरू झाला चार बोटांचा आणि संपला टॉवेलाएवढा. असलं ध्यान जगाच्या पाठीवर दुसरं असणं शक्य नव्हतं.

लकव्यानंतर उजव्या हाताला व्यायाम म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी सुया दिल्या होत्या. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस थंडीभर खिडकीशी बसून विणत राहिला. मफलर तिच्या गळ्यात घालून त्यांनी उजवा हात पुढे केला होता. "यानं केलंय बरं का."

ती रोज तो गळ्यात घालून घरातून निघायची आणि कोपरा वळला की पिशवीत कोंबायची. दुकान पडलं कपड्यांचं, लोक काय म्हणतील? मग दाराखालून वारा यायला लागला आणि मफलरची आयतीच सोय झाली.

मागच्या खोलीतून शिडी आली. दुकानात तीही कामाला. उंचीमुळे सगळे तिला शिडीच म्हणत. तिनं पायानंच मफलर परत दाराखाली सारला.

"काका, दार जरा ओढून घ्या हं," ती म्हणाली. मग हिच्याकडे वळली. "अगं, असलंच आणखी एखादं जुनेर असेल तर आण ना. मागच्या दारालाही हवंय."

हे माझे बाबा, आणि ते जुनेर नाही, एवढंच म्हणायचं होतं. तिनं हातातली घडी मोडून पुन्हा घातली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणतो की मी," बाबाच म्हणाले. "दुसरा सुयांवर आहेच. आता टाके वाढत नाहीत माझे. कुठंय मागचं दार?"

शिडीनं बोट दाखवलं. ते पाय ओढत निघाले. ती लगबगीनं मागं गेली.

"बाबा, राहू द्या ना."

'बाबा' ऐकलं आणि शिडीचा चेहरा खर्रकन उतरला. ती उगाच हँगर सारखे करू लागली.

"अगं, माप नको का घ्यायला?" बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

चौकटीला धरून ते हळूहळू खाली बसले. उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. मग डाव्या हातानं त्याची मिटलेली बोटं एकेक करून उघडली, अंगठा एका टोकाला दाबून धरला, आणि पहिली वीत मोजली.