चार मीटरचं धुकं

"असं नसतं धुकं," मुलीच्या खुर्चीमागे उभा राहून कप्तान म्हणाला.

मुलीचे हात थांबले. पडद्यावर एक मालवाहू जहाज होतं आणि त्याभोवती नुसतं पांढरं. जहाजं चालवायच्या त्या संगणक-खेळातलं मूळचं धुकं अगदीच पुचाट होतं, म्हणून तिनं तीन महिने खपून स्वतःचं रचलं होतं. आज संध्याकाळी ती ते सगळ्या खेळणाऱ्यांसाठी खुलं करणार होती. सोबत बापाच्या नोंदवहीतलं एक पान जोडायचं होतं: सकाळी सहा, दाट धुकं, दृश्यता पन्नास मीटर, भोंगा दर दोन मिनिटांनी.

त्या सकाळी त्याच्या जहाजाखाली एक होडी आली होती. होडीत दोघं होते. कप्तान चौकशीतून सुटला तो याच पानावर.

"लोक अजून कुजबुजतात, बाबा. स्वतः खेळून बघितलं की तोंडं बंद होतील. कळेल, की तुमच्या जागी कुणालाच काही दिसलं नसतं."

पडद्यातला भोंगा वाजला. टेबलावरचा चमचा बशीत किणकिणला.

"अगं, तो भोंगा आवर जरा!" आतल्या खोलीतून आई ओरडली. "दुपारची घटकाभर पाठ टेकू देशील की नाही?"

"झालंच, आई!"

कप्तान पडद्याजवळ वाकला. "तू भिंत बांधलीयस. त्या दिवशीचं धुकं खाली बसलं होतं, दुधावर साय धरते तसं. उंची किती दिलीस?"

"साठ मीटर."

"चार कर."

"चार? बाबा, चार मीटरमध्ये आपली गच्चीसुद्धा बुडायची नाही."

"तू कर गं."

तिनं आकडा बदलला. धुकं सावकाश खाली उतरलं आणि पाण्यावर पसरून राहिलं. जहाजाच्या सुकाणूच्या खोलीतून आता निळं आकाश दिसत होतं, कोवळं ऊन दिसत होतं, समोर बारा मैलांवरची क्षितिजाची रेघ दिसत होती. तिच्या खोलीत एकदम उजेड झाला.

"इथून तर सगळं लख्ख दिसतंय," ती म्हणाली.

"हो. आता खाली ने. होडीत."

होडी तिनं आधीच करून ठेवली होती. नजर तिथं उतरवली, तर पुन्हा सगळं पांढरं. वल्ह्याचं टोकही दिसेना. फक्त फळ्यांवर चुबकणारं पाणी ऐकू येत होतं. तो आवाज तिनं न्हाणीघरातल्या बादलीत हात हलवून रेकॉर्ड केला होता.

कुठून तरी लांबून भोंगा आला.

"हा बंद कर," कप्तान म्हणाला.

"भोंगा? तो का?"

"वाजला नव्हता."

ती हसली. "असं कसं? वहीत लिहिलंय की."

"वही मीच लिहिली. नंतर."

तिचं हसू तोंडावरच राहिलं. ती मागे वळली नाही.

"जहाजावरची पोरं वीस तास माल भरून नुकती आडवी झाली होती," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मला वरून बारा मैल दिसत होतं. खाली थोडी साय होती, तीही दिसत होती. नियमानं वाजवायला हवा होता. म्हटलं, झोपू देत."

तिनं भोंग्यासमोरची खूण काढून टाकली. कप्तानानं शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. दोन मिनिटं झाली. काही वाजलं नाही. आणखी दोन झाली.

"बरं केलंस बाई, बंद केलास ते," आतून आईचा जडावलेला आवाज आला. "आता जरा डोळा लागेल."

पांढऱ्यात पाणी फळ्यांवर चुबकत राहिलं, आधी एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी. कप्तानानं पायातल्या सपाता सोडल्या आणि कोरड्या फरशीवरचे दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीवर घेतले.