सलग तीन वर्षं

या, जरा जवळ सरकून बसा. एका कुलूपबंद खोलीची गोष्ट सांगतो. देवाशपथ, पदरचं तिखटमीठ घालणार नाही.

त्या सकाळी पडताळणी अधिकारी खोलीत उभे होते आणि डॉक्टरकीला अर्ज केलेली पोरगी त्यांच्यापुढे कागद धरून होती. डॉक्टरकीच्या शंभर जागांतल्या पंच्याऐंशी राज्याच्या रहिवाशांना. रहिवासी म्हणजे सलग तीन वर्षं इथे राहिलेला. पोरगी राहायची नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात. इथे होती फक्त मेलेल्या आत्याची खोली आणि पोरीच्या नावाचं वीजबिल. "कागदावर राहायचं, बाळ. त्याला काय अंथरूण लागतंय?" बाबा म्हणाले होते.

आत्यालाही एकदा डॉक्टरकीची जागा मिळाली होती. तेवढ्यात लग्न होऊन ती नदीच्या अलीकडे आली. माहेरचं राज्य म्हणालं, तू आता आमची नाहीस. सासरचं म्हणालं, तू अजून आमची नाहीस. हाती पुस्तकं तेवढी उरली. तीन वर्षांपूर्वी आत्या गेली.

अधिकाऱ्यांनी खालच्या शिंपीणकाकूंना वर बोलावलं. आत्या गेल्यावर त्या इथे राहायला आलेल्या. बाई इतकी सरळ, की तिला खोटं बोलायला सांगायची बाबांचीही छाती झाली नव्हती.

"ही मुलगी इथे राहते?"

"दिवसभर मशीनवर मान खाली, साहेब, चेहरा कुठला बघतेय! पण राहते तर. तीन वर्षं रोज पहाटे पाठांतर, एक दिवस खंड नाही. हाडांची नावं मलासुद्धा पाठ झालीत. अडखळली की स्वतःलाच दटावते, 'चल गं बये, पुन्हा पहिल्यापासून!'"

अधिकारी हसले. "होणार ही डॉक्टर." त्यांनी सही केली, शिक्का काढला.

पोरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. या खोलीतली एकही पहाट तिने पाहिली नव्हती. आणि 'चल गं बये' म्हणत तिच्याकडून पाढे घोकून घेणारं माणूस जगात एकच होऊन गेलं होतं. कोपऱ्यातल्या खाटेकडे बघायचा तिला धीर होईना.

शिक्का कागदावर टेकणार, तोच तिने अधिकाऱ्यांचा हात धरला.

"साहेब, माझं नाव खोडा. इथे मी राहत नाही. आत्या राहते."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या आत्याची आठवण काढा. फक्त ती कुठली, हे विचारू नका.