नाण्यात आलेले पाचशे

“गेले बघा मामा,” दुकानदार श्रीमंत कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला. “घरी पोचस्तोवर नाण्यात दिसतील.”

रामकिशनने पाचशेची नोट आणि वर श्रीमंतच्या मेहनतीचे पन्नास काउंटरवर ठेवले. दर महिनाअखेरीला तो निलंग्याहून एसटीने लातूरला यायचा आणि गंजगोलाईतल्या या दुकानात बसून मेलेल्या पोराच्या नावानं पैसे पाठवायचा. दीड वर्ष झालं, एक महिना चुकला नव्हता.

“मामीला अजून न्हाई सांगितलं?”

“न्हाई. सांगणारबी न्हाई. तिचं काळीज हलकं हाय. डॉक्टर म्हणलाय, धक्का बसू देऊ नका.”

निघताना श्रीमंतने दुकानाचा पत्ता छापलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर हातात दिलं. घरी त्याच्या बायकोनं, सिंधूने, ते स्वयंपाकघरात टांगलं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडायला लागली.

नाणं पितळी, दहाच्या नाण्याहून थोडं मोठं. पुढच्या बाजूला भाजीच्या गाड्यावर असते तशी काळी चौकोनी नक्षी. तिच्यावर मोबाईल धरला की आत किती पैसे आहेत आणि कधी आले ते दिसायचं. मागं चकचकीत चिकटपट्टी, तिच्याखाली गुप्त आकडा. पट्टी सोलून तो आकडा वाचणारा आतल्या पैशाचा मालक. एकदा सोललं की मग उरलं नुसतं पितळ. भरायला मात्र काही सोलावं लागत नव्हतं, जगातला कुणीही नक्षीवरून आत पैसे टाकू शकत होता.

हे नाणं बजरंगचं. हैदराबादच्या कंपनीत लागल्यावर त्यानं दोन पगार असल्या नाण्यांत घातले आणि बापाचं टाळकं सरकलं. शब्दानं शब्द वाढला. पोरगं बॅग उचलून गेलं, आणि रामकिशनने बायकोला शपथ घातली, “त्याच्याशी फोनवर बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

शपथ घालायला काय लागतं? तोंड उघडलं की झालं. पाळणाऱ्याचा जीव जातो.

सिंधूने ती पाळली. मग बजरंगनेच वाट काढली. गावच्या एका माणसाबरोबर हे नाणं धाडलं आणि निरोप दिला, “आई, बोलू नको. मी दर महिन्याला यात भरीन. आले की समज, मी मजेत हाय.” पहिल्या तारखेला सिंधू देवघरापुढं बसून नाण्यावर मोबाईल धरायची आणि पुटपुटायची, “आले गं बाई.” रामकिशन पेपरात तोंड खुपसून ते ऐकायचा. शपथ मागं घ्यावी असं त्याला रोज वाटे, आणि रोज तो ते उद्यावर ढकली.

तो उद्या आलाच नाही. हैदराबादहून फोन आला, रस्त्यात अपघात. नांदेडला पाहुण्यांकडे जातो असं घरी सांगून रामकिशन एकटा गेला. पोराचा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला होता. खिशातल्या ओळखपत्रावरून त्यानं देह ताब्यात घेतला, तिथंच अग्नी दिला, परतताना नांदेडला गोदावरीत राख सोडली. सिंधूला कळू नये म्हणून डोकंसुद्धा भादरलं नाही. पोरापाठीमागं बापानं करायचं तेवढंही त्याच्या हातून झालं नाही.

त्या महिनाअखेरीला तो पहिल्यांदा श्रीमंतकडे आला.

सिंधूने कधी काही विचारलं नाही. उलट तारीख जवळ आली की तीच म्हणायची, “गुडघ्याचं औषध संपलं न्हाई का तुमचं? जाऊन या लातूरला.” पितरपाटात ती पत्र्यावर कावळ्याला एक घास जास्तीचा ठेवायची, तो त्याच्या आईचा असावा, असं रामकिशन धरून चालला होता.

यंदा मात्र भादव्यात त्याला तापानं धरलं. पंधरा दिवस उठवेना. सिंधू त्याचं औषध आणायला सकाळी जायची ती एकदा दिवस कलल्यावर आली. “दवाखान्यात लई गर्दी,” म्हणाली. रामकिशनचं लक्ष होतं तारखेकडे. तीस गेली. नाण्यात काही येणार नव्हतं. दोन वर्षं लपवलेलं मढं उद्या बायकोच्या पुढ्यात पडणार होतं.

पहिली उजाडली. सिंधू नाणं घेऊन देवघरापुढं बसली. त्यानं डोळे गच्च मिटले.

“आले गं बाई,” ती म्हणाली. “आवं, ऐकायलाव का? पाचशे आले.”

रामकिशनने डोळे उघडले. मोबाईल हिसकावून घेतला. तारीख कालचीच.

त्याला पट्ट्या आठवल्या. चेहरा कुठं पाहिला होता आपण? ओळखपत्र दुसऱ्याच्या खिशात असू शकतं. पोरं एकमेकांचे शर्ट घालतात. मग तो कुणाचा तरी दुसऱ्याचा पोरगा होता! भिंतीकडे तोंड करून तो पोटभर रडला. सिंधू पाठीवरून हात फिरवत राहिली.

चौथ्या दिवशी भिंत धरून तो उभा राहिला. सिंधूला आत्ताच काही सांगायचं नाही. आधी पोराला शोधायचं, त्याचे पाय धरायचे, मग त्याला आईपुढं उभं करायचं. एसटीच्या खिडकीत बसून बजरंगला पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तो जुळवत राहिला. “घरी चल” एवढंच जमलं.

“श्रीमंता,” दुकानाच्या पायरीवरूनच तो ओरडला, “ह्या महिन्याचे पाचशे आले! म्या न्हाई भरले. कुठल्या गावाहून आले, तेवढं शोधून दे बाबा. पोरगं जितं हाय माझं!”

श्रीमंत उठला. त्यानं रामकिशनला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मामा, मामी आल्या होत्या, पाचशे घेऊन,” तो म्हणाला. “म्हणल्या, ‘दोन वर्षं झाली मला ठाऊक होऊन, पण ह्यांना सांगू नका, मला जपायचं म्हणूनच ते अजून उठून फिरायलेत.’”