तीसपेक्षा कमी

अंजनाकाकूंनी प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलेला तक्ता पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचला. सतरा होता, एकोणीस होता. अठरा नव्हता.

"पोरी, माजा नंबर कुठं हाय?"

दूध संस्थेच्या माडीवर पन्नास-साठ माणसं जमली होती. साताऱ्याची पल्लवी दोन वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या या गावात घरोघरी हिंडली होती. चाळीस जणांचं बोलणं तिनं रेकॉर्ड केलं होतं आणि नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला एक नंबर दिला होता. कोण 'हाय' म्हणतं, कोण 'आहे' म्हणतं, म्हाताऱ्यांत किती, तरण्यांत किती, बायकांत किती, सगळं मोजलं होतं. प्रबंध आठ दिवसांनी द्यायचा होता. त्याआधी गावाला निष्कर्ष सांगायला ती आली होती.

"काकू, तुमची मुलाखत यात धरली नाही," पल्लवी म्हणाली. "ज्यांच्या बोलण्यात हे शब्द तीसपेक्षा कमी आले, त्यांना वगळावं लागतं. एवढ्या कमीवरून काढलेली टक्केवारी भरवशाची नसते. तुमचे अकराच होते."

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. "काकू आन् अकरा? आमच्या गल्लीला इचारा."

काकूंनी तिकडं पाहिलं नाही. "असं किती जन काडून टाकलं?"

"नऊ."

"बाप्ये किती त्यात?"

पल्लवीनं हातातले कागद चाळले. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी चाळले. "एकही नाही."

"आन् वर काय लिवलंयस? वाच की."

पल्लवीनं वाचलं. "स्त्रिया आणि पुरुष यांच्या बोलण्यात लक्षणीय फरक आढळत नाही."

"ज्या बाया बोलल्या त्या बाप्यांसारक्या बोलल्या. ज्या बोलल्याच न्हाईत त्या तू काडून टाकल्यास. मग फरक घावंल कसा?"

"काकू, हा काही माझा नियम नाही. जगभर असंच करतात."

"जगभरात आमचं भावजी खाटंवर बसलं नव्हतं."

पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर काकूंचे थोरले दीर आकाराम बसले होते. लग्न होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, काकू त्यांच्यासमोर उभ्या राहून कधी बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायच्या. पल्लवी आली त्या दिवशी आकाराम बाहेर सोप्यात खाटेवर बसून राहिले होते आणि काकू उंबऱ्याच्या आत.

"काकू, ऱ्हाऊ द्या की," संस्थेचा चेअरमन पृथ्वीराज म्हणाला. "म्याडम, तुमी आकारामआबांचं ऐकवा. पुराचं. लय भारी हाय ते."

पल्लवीला तेवढंच बरं वाटलं. माणसाला जिवावरचा प्रसंग विचारला की तो नीट बोलायचं विसरतो आणि आपलं बोलतो, म्हणून तिनं सगळ्यांना तोच प्रश्न विचारला होता. आकारामांनी दोन हजार एकोणीसच्या महापुराची हकिकत सांगितली होती. मोजायचे शब्द तीनशे बारा. प्रबंधात नमुना म्हणून तीच छापायची होती.

रेकॉर्डिंगमधला आकारामांचा आवाज माडीभर घुमला. "पानी छातीला लागलं गड्या. म्हसरं हंबराय लागली. म्या इळा घेतला, येकेकीचं दावं कापलं. चारीच्या चारी भाईर काडली..."

"बंद कर त्ये," काकू म्हणाल्या.

पल्लवीनं बंद केलं.

काकू दोन खुर्च्यांमधून पुढं आल्या आणि आकारामांच्या समोर उभ्या राहिल्या.

"भावजी, इळा कुनाच्या हातात हुता?"

आकारामांनी टोपी काढली, परत घातली. "आता चार मानसांत ह्यो इषय..."

"चार मानसांतच तुमी सांगितला."

पल्लवी लगबगीनं पुढं झाली. "काकू, मी उद्या घरी येते. आपण आत स्वयंपाकघरात निवांत बसू. मी तुमची मुलाखत परत घेते."

"स्वयंपाकघरात म्या चव्वेचाळीस वर्सं बोलतीया. ते कुनी मोजलं? हितं घे. लाव तुजं ते मशीन."

आकाराम उठू लागले.

"बसा," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. आकाराम अर्धे उठलेले तसेच खाली बसले.

पल्लवीनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला. बटण दाबलं.

"पानी गोट्यात शिरलं तवा तुमी शाळंच्या गच्चीवर हुता. पैल्या बोटीतनं गेला. जाताना म्हनला, म्हसरं ऱ्हाऊ द्या, जीव वाचवा. म्या इळा घेऊन पान्यात उतारली. तिघींची दावी कापली. चवथीचं भिजून फुगलं हुतं, कापंना. पानी माज्या गळ्याला आलं. ती माज्याकडं बघत हुती. म्या तिला तशीच सोडून भाईर आली." काकू थांबल्या. "तुमच्या गोष्टीत ती बी वाचली. आन् ह्या पोरीनं तुमाला इचारलं, चारी वाचल्या का, तवा तुमी आत वळून मला म्हनला, सांग की गं. म्या व्हय म्हनली. त्यो व्हय मला अजून झोपू देत न्हाई."

खाली डेअरीत कॅनची आदळआपट चालली होती. पल्लवीनं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं आणि प्रोजेक्टर बंद केला.

मागच्या रांगेतून दीपमाला उठली. वगळलेल्या नऊ जणींत तीही होती. आपली खुर्ची ओढत ती टेबलापाशी आली आणि रेकॉर्डरसमोर बसली.

"ह्यांचं झालं की माजं घे," ती पल्लवीला म्हणाली. "पर आदी कुनाला तरी घरी धाडून आमच्या मालकास्नी बोलवून आन. त्यांच्या म्होरंच बोलायचं हाय मला."